मान्ना, हार्वेस्ट आणि आपल्या साक्षी

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत साक्षीची, म्हणजे देवाने केलेले उपकार सर्वांसमोर सांगण्याची, वेळ आली की बहुधा मोठ्याच गोष्टी ऐकू येतात. कोणाचे ऑपरेशन यशस्वी झालेले असते, कोणाच्या मुलाला परदेशी नोकरी लागलेली असते, कोणी अपघातातून वाचलेला असतो. या साक्षी मनापासून दिलेल्या असतात याविषयी मला शंका नाही. पण वर्षानुवर्षे केवळ अशाच साक्षी कानांवर पडत राहिल्या की देव संकटापुरता धावून येतो आणि उरलेले दिवस आपण आपल्याच बळावर रेटतो, अशी समजूत नकळत मनात घर करते.

प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत मात्र मागणे आहे ते रोजच्या भाकरीचे, आणि तेही आजच्यापुरते. ती म्हणताना मला अरण्यातला मान्ना, म्हणजे मिसरातून सुटलेल्या इस्राएल लोकांना देवाने रोज दिलेले अन्न, आठवतो. बायबलमधील निर्गमच्या सोळाव्या अध्यायात माणशी एक ओमर (एक ठरावीक माप) मान्ना गोळा करण्याची आज्ञा आहे. ज्यांनी तो सकाळपर्यंत साठवून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले, आणि केवळ शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती. त्याची चव मध घातलेल्या पोळीसारखी होती. तरीही गणनाच्या अकराव्या अध्यायात पोहोचेपर्यंत तेच लोक मिसरातल्या काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवून रडताना दिसतात, आणि त्या लसणाबरोबर तिथली गुलामगिरीही होती याची त्यांना आठवण राहिलेली नसते. मान्ना कमी पडला म्हणून ते रडत नव्हते. तो रोज पडत होता, हीच त्यांची अडचण होती! आपल्या घरातले नळाचे पाणी, रात्रीची झोप, वेळेवर ताटात पडणारे जेवण यांचे तरी दुसरे काय होते?

यावर एक सोपा उपाय सांगितला जातो, तो म्हणजे आपल्यापेक्षा हलाखीत जगणाऱ्यांकडे पाहावे आणि देवाचे आभार मानावेत. हा उपाय मला मुळीच पटत नाही. लूकच्या अठराव्या अध्यायातील परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारा धर्मनिष्ठ यहूदी, मंदिरात उभा राहून देवाचे आभारच तर मानत होता. मी इतर माणसांसारखा नाही, या जकातदारासारखाही नाही, असे त्याच्या आभाराचे स्वरूप होते, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो दुसराच. शेजाऱ्याच्या दुःखावर ज्याचे समाधान उभे आहे, त्याला उपकारस्तुती कसे म्हणावे? तसेच, दुःखात पडलेल्या घरी जाऊन ‘देवाचे आभार माना’ असे लगेच सांगणाऱ्यांचीही मला धास्ती वाटते. स्तोत्रकर्त्याने तेराव्या स्तोत्रात ‘कोठवर?’ असा प्रश्न आधी पुन्हा पुन्हा विचारला आहे आणि गीत शेवटी गायिले आहे. त्याला जो अवकाश मिळाला तो आपल्या शोकाकुल बहिणीलाही मिळायला हवा.

मान्न्याच्या वृत्तांताचा शेवट यहोशवाच्या पाचव्या अध्यायात आहे, आणि उपदेशांत त्याचा उल्लेख फारच कमी होतो. गिलगाल येथे वल्हांडण, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेचा सण, पाळल्यावर लोकांनी कनान देशातील धान्य खाल्ले आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना बंद झाला. देणारा तोच राहिला, फक्त देणे आता नांगर, पाऊस आणि माणसांचे हात यांच्यामार्फत येऊ लागले. म्हणून आपल्याकडील हार्वेस्टची, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याची, उपासना मला ख्रिस्तजन्माच्या सणाइतकीच मोलाची वाटते. गावाकडच्या मंडळीत वेदीपुढे ज्वारी-बाजरीची कणसे, भोपळे, अंडी, एखादी ओरडणारी कोंबडी येते आणि नंतरच्या लिलावात साध्या भोपळ्याची बोली अशी चढते की बाजारातल्या व्यापाऱ्याने तोंडात बोट घालावे. शहरात आल्यावर आपण वस्तूंऐवजी पाकीट अर्पण करू लागलो. त्यात गैर काही नाही, परंतु पाकिटातल्या नोटांवरून शेतकरी, गिरणीवाला, पहाटे दूध टाकणारा मुलगा आणि स्वयंपाकघरात उभी असलेली आई यांच्यापैकी कोणीही डोळ्यांसमोर येत नाही. मग देवाचे उपकार मानताना ज्यांच्या हातून ते पोहोचले त्यांना आपण सहज वगळतो.

यंदाच्या हार्वेस्टला केवळ गेल्या आठवड्यातील, अगदी साध्या गोष्टींच्याच साक्षी मागाव्यात, आणि त्या ज्यांच्यामार्फत मिळाल्या त्यांचाही उल्लेख व्हावा, असे मी आमच्या पाळकसाहेबांना सुचवले आहे. मग कोणी उभेच राहणार नाही, असे ते हसून म्हणाले. मला तसे वाटत नाही. सुरुवातीला थोडा वेळ सगळे एकमेकांकडे पाहत बसतील, एवढेच.