आधी कोणाला?

पावसाळा लागला की कोणीतरी हमखास विचारतं, "डॉक्टर, व्हेंटिलेटर एक आणि पेशंट दोन, तर कोणाला लावाल?" चिपळूणजवळ पंचवीस वर्षं दवाखाना चालवतोय, ही वेळ माझ्यावर आली नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पुरात बुडालं, तेव्हाही नाही. त्या पुरात शहरातल्या एका कोविड रुग्णालयात आठ रुग्ण दगावले, वीज आणि ऑक्सिजनवरून पुढे बराच वाद झाला. तिथल्या डॉक्टरांच्या जागी मी नव्हतो, म्हणून त्यावर बोलत नाही.

माझ्यासमोर होती वरच्या अंगाची एक शाळा आणि पुरातून आणलेली दोनेकशे माणसं. जखमी मोजकेच. पुरात माणूस एकतर पाण्यातच जातो, नाहीतर ओलाचिंब पण धडधाकट वर येतो. त्याच्याबरोबर येतात त्याचे रोजचे आजार, आणि गोळ्या राहतात खाली घरात. माझा दवाखानाही वाशिष्ठी नदीच्या पाण्यात, केसपेपरचा लगदा झालेला. एक आजी म्हणाल्या, "ती बारीक गुलाबी गोळी द्या, रातची." बारीक गुलाबी गोळी काय एकच असते? मुलगा मुंबईला, फोन बंद. बीपी मोजलं, चांगलंच वाढलेलं होतं. जवळ होती ती गोळी दिली आणि रात्रभर मधूनमधून उठून त्यांना बघत राहिलो.

खरा प्रसंग इन्सुलिनचा. शिल्लक एक कुपी, घेणारे तिघं. एक चौदा वर्षांची मुलगी, टाइप १ मधुमेहाची. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, दोन दिवस चुकलं तरी जिवावर बेतेल. बाकीचे दोघं साठीच्या पुढचे, गोळ्यांवर आणि भात कमी करून थोडे दिवस निभावले असते. वैद्यकीयदृष्ट्या यात पेच काहीच नाही. पण त्यातल्या एका काकांच्या ओटीवर मी वीस वर्षं चहा प्यायलोय. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "म्हणजे आम्ही मेलो तरी चालेल?" मी समजावलं. त्यांना पटलं नाही. साखर बरी राहिली, पण अजून समोर आले की मान वळवतात.

माझं म्हणणं एवढंच, की याला आपण 'नैतिक पेच' म्हणतो तेव्हा स्वतःला फार मोठेपणा देतो. वरच्या वाडीत कोणाकडे तरी चार जादा कुप्या आणि बर्फाचा डबा असता, तर निवड करायचीच नव्हती. २६ जुलै २००५ चा पूर आम्ही सगळ्यांनी बघितला होता. मध्ये सोळा वर्षं होती. आळस झाला, माझाही.

पाणी ओसरल्यावर मदत आली, तीही अशीच. अर्धवट वापरलेल्या औषधांच्या पट्ट्या पोतं भरून, त्या निवडण्यात दोन संध्याकाळी गेल्या. एक मंडळ गाळ उपसणाऱ्यांना लेप्टो, म्हणजे चिखल-पाण्यातून होणारा ताप, होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटत सुटलं, "प्रत्येकी दोन, घ्या." गोळी योग्यच, चिखलात उतरणाऱ्यांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम देतात. पण उपाशीपोटी घेतली की मळमळतं, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती सहसा देत नाहीत. विचारलं कोणी? फोटो मात्र निघाले, गोळी घेणाऱ्याच्या चेहऱ्यासकट.

गेल्या वर्षी आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, आणि मी वही केली. इन्सुलिनवाले, डायलिसिसवाले, फिटवाले, दिवस भरत आलेल्या बायका, कोणाला कोणत्या पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, वर आणायचं तेही. माझं समाधान होतं न होतं तोच एक जण दवाखाना बंद करताना आला. "माझं नाव खोडा. डोक्याच्या गोळ्या आहेत, मुलीचं लग्न जमतंय. वही ताईंकडून सरपंचांकडे, तिथून गावभर." ताई कोणाला सांगणार नाहीत, हे मला माहीत होतं. त्याला पटवू शकलो नाही. नाव खोडलं.

त्याच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या मात्र वरच्या वाडीतल्या औषधांच्या डब्यात आहेत, नाव न घालता. कोणाच्या ते मी सोडून कोणालाच माहीत नाही, आणि पूर आला त्या दिवशी मी कुठल्या बाजूला असेन, देव जाणे.