येताना उतार लागतो का?

चहा यायच्या आधीच नंदूनं मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला होता.

"मुंबई-न्यूयॉर्क १२,५०० किलोमीटर. विमान ताशी ९०० नं पळतं. १४ तास झाले. तिकिटावर १६! दोन तास खाल्ले कुणी?"

"भागाकार बरोबर आहे रे, फक्त त्यात विमान नाहीये," वृंदा म्हणाली. "१२,५०० हे पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. तो दोरा पाकिस्तानवरनं, रशियावरनं पार आइसलंडपाशी ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो. पाकिस्तानचं दार आपल्याला २०२५ च्या एप्रिलपासून बंद. वळसा घाला. त्यात समोरून वारा. ९०० हा विमानाचा हवेतला वेग. सरासरी ६० चा वारा तोंडावर घेतलास तर जमिनीवर ८४० उरतात, तुझे १४ तिथंच १५ झाले. आणि तिकिटावरचा वेळ इथलं गेट सोडल्यापासून तिथल्या गेटला लागेपर्यंतचा. धावपट्टीची रांग त्यातच."

"मग येताना कमी कसा? येताना उतार लागतो का?"

"वारा! ९ ते १२ किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात ताशी २०० च्याही वर. २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पूर्वेकडून, पॅसिफिकवरनं नेलं, म्हणजे वारा पाठीशी. अंतर १३,९०० चं १५,३०० झालं आणि पोचलं साडेचौदा तासांत, जवळजवळ दोन तास आधी."

"लांबून जा, लवकर पोच," मंग्या म्हणाला. "नंदूचं उलटं. गणपतीत माणगावचा जाम चुकवायला वरंध घाटात गाडी घातली, तर घाटच बंद!"

"बोर्ड झाडामागं होता!"

"आठ वर्षं तो बोर्ड झाडामागंच आहे."

नंदूनं विषय जोरात बदलला. "पण मग हिमालयावरनं सरळ उत्तरेला का नाही जात?"

"केबिनचा दाब गेला तर १०,००० फुटांवर उतरावं लागतं. प्रवाशांच्या मास्कला प्राणवायू १२-१५ मिनिटांचा. खाली तिबेटचं पठारच १४-१५ हजार फुटांवर. उतरणार कुठं, जमिनीत?"

"टाकी फुल करायची आणि लांबून जायचं!"

"हा रिक्षावाल्याचा सल्ला झाला. बोइंग ७७७ तासाला सात-साडेसात टन पितं. दोन तास वाढले की १५ टन जास्त, आणि ते १५ टन वाहून न्यायला आणखी इंधन. त्यात उन्हाळ्यात हवा विरळ, इंजिनाला जोर कमी. मग एकतर माणसं-सामान कमी करा, नाहीतर वाटेत व्हिएन्नाला उतरून भरा."

नंदू गप्प. एवढ्यात मंग्याला हिशोब आठवला. "बरं, मागच्या आठवड्याचे माझे ४० रुपये कुठल्या मार्गानं येताहेत?"

"निघालेत रे," नंदू उठत म्हणाला, "समोरून वारा आहे."

वृंदाला चहाचा ठसका लागला.