पक्ष बदला, पण आधी आम्हाला विचारा

रविवारी साताऱ्याहून दादाचा फोन आला. पाऊसपाणी, गुडघेदुखी झाली आणि गाडी पक्षफोडीवर आली. 2022 मध्ये शिवसेना फुटली, 2023 मध्ये राष्ट्रवादी. त्यानंतर विधानसभेची निवडणूकही होऊन गेली, तरी हा वाद घरात मिटलेला नाही. दादाचा निकाल ठरलेला असतो: पक्ष सोडला तो गद्दार, विषय संपला. मला तसं वाटत नाही. मी व्हँकूवरमध्ये राहतो आणि इथल्या उज्ज्वल दोसांझ यांची कारकीर्द त्याला कारण आहे.

जालंधर जिल्ह्यातून इंग्लंडमार्गे 1968 मध्ये ते कॅनडात आले. लाकूड गिरणीत राबले, शिकून वकील झाले. खलिस्तानी हिंसेविरुद्ध उघड बोलले म्हणून 1985 मध्ये त्यांना लोखंडी कांबीने मारहाण झाली. डोक्याला 80 च्या आसपास टाके पडले, हात मोडला, तरी ते बोलायचे थांबले नाहीत. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या विधानसभेत पोहोचायला त्यांना 1991 साल उजाडलं, त्याआधी दोनदा हरले होते. पक्ष न्यू डेमोक्रॅटिक, डाव्या विचारांचा. पुढे ते प्रांताचे महाधिवक्ता झाले आणि फेब्रुवारी 2000 मध्ये प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री. भारतीय वंशाचा माणूस कॅनडातल्या एखाद्या प्रांताचा प्रमुख झाला, तो पहिल्यांदाच. पण पक्षाविरुद्धचा राग त्यांच्या येण्याने निवळला नाही. 2001 च्या निवडणुकीत 79 पैकी अवघ्या दोन जागा हाती आल्या आणि त्यांची स्वतःचीही गेली.

तीन वर्षांनी, 2004 मध्ये, तेच दोसांझ लिबरल पक्षाच्या तिकिटावर संघीय संसदेसाठी व्हँकूवर साऊथमधून उभे राहिले. मूळच्या पक्षातल्या लोकांना ते झोंबलं, झोंबणारच. मतदारांनी मात्र त्यांना निवडून दिलं आणि ते थेट देशाचे आरोग्यमंत्री झाले. इथे दवाखाने चालवायचे प्रांतांनी आणि पैशाचा काही वाटा द्यायचा संघीय सरकारने, त्यामुळे ही ओढाताण कायमची. त्याच वर्षी प्रांतांशी दहा वर्षांचा, 41 अब्ज डॉलरचा आरोग्य करार झाला, तेव्हा कालचा प्रीमियर आज टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होता. प्रांतातून केंद्रात जाणाऱ्याचा खरा उपयोग इथे असतो. तिजोरी रिकामी असताना राज्य कसं चालवायचं, हे त्याने भोगलेलं असतं. आपल्याकडे यशवंतराव 1962 मध्ये मुंबईहून दिल्लीला गेले तेव्हा हेच भांडवल त्यांच्यापाशी होतं.

2008 मध्ये दोसांझ केवळ 20 मतांनी वाचले, 2011 मध्ये हरले. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी पक्ष बदलला तेव्हा त्यांच्याकडे कुणाचीही आमदारकी उसनी नव्हती. नवं चिन्ह घेऊन ते आधी लोकांसमोर गेले आणि मगच सभागृहात.

म्हणून कॅनडा आदर्श ठरतो, असं मी दादाला कधीच सांगितलेलं नाही. व्हँकूवर साऊथच्या शेजारी व्हँकूवर किंग्जवे मतदारसंघ आहे. जानेवारी 2006 मध्ये तिथून डेव्हिड एमर्सन लिबरल म्हणून निवडून आले आणि दोन आठवड्यांत काँझर्व्हेटिव्ह सरकारात मंत्री झाले. लोक संतापून रस्त्यावर आले, पण करता काहीच आलं नाही. संघीय संसदेत पक्षांतरबंदी कायदाच नाही. पुढच्या निवडणुकीला ते उभेच राहिले नाहीत, म्हणजे मतदारांना हिशेब चुकता करायची संधीही मिळाली नाही.

आपल्याकडे 1985 पासून कायदा आहे, दहावी अनुसूची. तिचं काय झालं ते महाराष्ट्राने पाहिलं. जून 2022 च्या फुटीवर विधानसभाध्यक्षांचा निर्णय आला 10 जानेवारी 2024 ला, आणि दोन्हींपैकी कुठल्याच गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. विधिमंडळ पक्ष कुणाचा, मूळ पक्ष कुणाचा, व्हिप कुणाचा, यावर वकिलांनी महिनोन्‌महिने काथ्याकूट केला. ज्यांनी मत दिलं होतं त्यांचा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

मला हवा तो नियम साधा आहे. पक्ष सोडायचा तर राजीनामा द्या आणि सहा महिन्यांच्या आत पुन्हा निवडून या, गटाने सोडा नाहीतर एकट्याने. दादा म्हणतो, पैसेवाला पुन्हा निवडून येणारच. त्यात तथ्य आहे. कर्नाटकात 2019 मध्ये पक्षांतर केलेल्यांपैकी बहुतेक जण पोटनिवडणुकीत परत आले. तरीही तिथल्या मतदाराला नाही म्हणायची एक संधी मिळाली, आणि मला ती मोलाची वाटते. नारायण राणे यांनीही 2005 मध्ये काँग्रेसमध्ये गेल्यावर मालवणची पोटनिवडणूक लढवली आणि जिंकली. पटो न पटो, कौल घेतला.

आणि दादाला तर मी त्याच्याच जिल्ह्याची आठवण करून दिली. 2019 मध्ये उदयनराजे भोसले यांनी खासदारकीचा राजीनामा दिला, भाजपमध्ये गेले आणि पोटनिवडणुकीला सामोरे गेले. साताऱ्यात शरद पवारांचं भर पावसातलं भाषण झालं ते त्याच प्रचारात. उदयनराजे हरले, श्रीनिवास पाटील निवडून आले. पाच वर्षांनी, 2024 मध्ये, त्याच साताऱ्याने उदयनराजेंना कमळावर लोकसभेत पाठवलं.

दादा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दोन्ही वेळेला रांगेत उभा होतो मी." कुणाला मत दिलं, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.