"मले ओयखलं काय?" हे माझ्या सासूबाईंना विचारू नका

दिवाळी तोंडावर आली आहे. पुण्या-नागपूरकडची मंडळी आता गावाकडे येऊ लागतील, म्हणून आधीच हात जोडून एक विनंती करते. आमच्या घरी आलात की माझ्या सासूबाईंच्या तोंडासमोर वाकून "माय, मले ओयखलं काय? सांग बरं, मी कोन?" असे विचारू नका.

तुमच्या मनात माया असते, हे मला ठाऊक आहे. परंतु तो प्रश्न कानावर पडताच त्यांचा चेहरा कसा होतो, हे मी रोज जवळून पाहते. त्या आधी हसतात, मग नजर चुकवतात, मग पदराचे टोक बोटांना गुंडाळू लागतात. उत्तर येत नाही आणि ते यायला हवे होते, एवढे मात्र त्यांना कळत असते. पाहुणे चहा घेऊन निघून जातात. त्यानंतर रात्री अकरा-बारापर्यंत माय दाराची कडी काढत राहतात आणि "मले घरी जाऊ दे" म्हणत राहतात.

मायंना स्मृतिभ्रंश होऊन साडेचार वर्षे झाली. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात सुरुवातीला कुणी "साठी बुद्धी नाठी" म्हणाले, कुणी बाहेरचे झाले म्हणून गंडा बांधायला सांगितले, आणि ज्या डॉक्टरांकडे आम्ही पहिल्यांदा गेलो त्यांनीही "वयानं होतं" एवढेच सांगून परत पाठवले. त्यात आमचे एक वर्ष गेले, याचे दुःख मला आजही आहे. पुढे यवतमाळला दाखवले तेव्हा आधी रक्त तपासले, कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईडचा बिघाड यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार असतात. ते दोन्ही नव्हते. मेंदूचा स्कॅन झाला आणि अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार, हे निदान झाले. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली ज्या बाईच्या आजाराची माहिती जगापुढे मांडली, ती दवाखान्यात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. म्हातारपण वेगळे आणि हा आजार वेगळा, हे मला तेव्हा समजले.

या आजारात बहुधा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर झिजू लागतो. आज घडलेले मनात साठवून ठेवण्याचे काम याच भागाचे असते. म्हणून सकाळी काय जेवलो हे मायंना आठवत नाही, पण लग्नाआधी ज्या शेतात कापूस वेचायला जात त्या शेताचा बांध त्या अजून नीट सांगतात. वीस वर्षांपूर्वी पाहिलेला तरुण भाचा त्यांच्या मनात असेल, तर आज समोर उभा असलेला पिकल्या केसांचा माणूस त्यांनी कसा ओळखावा? पाय मोडलेल्या माणसाला आपण "धावून दाखव" म्हणत नाही. मग नेमकी जी शक्ती गेली, तिचीच परीक्षा घरी येऊन का घ्यायची?

दिवेलागणीची वेळ सर्वांत कठीण असते. माय उठतात, पदराची झोळी करतात आणि उसवलेल्या गोधडीतून कापूस वेचू लागतात. पूर्वी मी त्यांचा हात धरून "हे शेत नाही, हे घर आहे" असे समजावत असे आणि त्या चिडून मला मारायला धावत. आता मी शेजारी बसून तुरीच्या शेंगा नाहीतर लसूण सोलायला देते. त्यांची बोटे कामात गुंतली की जीवही थाऱ्यावर येतो. त्यांची चूक दाखवणे सोडल्यापासून आमच्या घरातले रडणे निम्म्याने कमी झाले.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना आणखी एक सांगते. मागच्या मे महिन्यात माय दोन दिवसांत एकदम बिघडल्या, कुणालाच ओळखेनात, झोप उडाली. आजार वाढला असे आम्ही समजून बसलो होतो. निघाला तो लघवीचा संसर्ग, आणि औषधांनी त्या पूर्ववत झाल्या. असा अचानक फरक दिसला तर थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या. आपल्याकडच्या उन्हात या रुग्णांना तहान लागल्याचे सांगता येत नाही, म्हणून पाणी, ताक आपणच आठवणीने द्यावे लागते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण जास्त आहे. म्हणजे हे गावोगावच्या ओसरीवरचे दुखणे आहे, आणि बहुतेक घरी ते एकाच बाईच्या गळ्यात पडलेले असते. तिचा धीर सुटू लागला तर १४४१६ हा मनाच्या आरोग्यासाठीच्या मदतीचा सरकारी टेली-मानस क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. पण फोनवरचा माणूस येऊन दोन तास बसू शकत नाही. ते तुम्ही करू शकता.

आमच्या शेजारच्या काकू परवा आल्या, तशा या. त्यांनी दारातूनच "माय, मी बाजूच्या घरची सून, शेंगा सोलाले आली" असे सांगितले आणि सूप पुढे ओढले. मायंनी त्यांना ओळखले नव्हते, तरी सरकून सतरंजीवर जागा केली आणि म्हणाल्या, "बस, जेवूनच जाजो." तेवढ्या वेळात मी बँकेत जाऊन आले आणि आठ दिवसांनी केस धुतले.