काल रात्री चालत होतं

इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमधलं सर्वोच्च वाक्य एकच: "सर, काल रात्री चालत होतं." हे वाक्य आयतं मिळत नाही, कमवावं लागतं. प्रोजेक्ट काल रात्री खरोखर चालायला हवा आणि आज सकाळी खरोखर बंद पडायला हवा. मुळातच न चालणारं सर्किट कोणीही बनवेल. वेळेवर दगा देणाऱ्या सर्किटला मात्र नियोजन लागतं.

उदाहरणादाखल खोलीचं तापमान पाहून पंखा सुरू करणारं यंत्र घेऊ. तापमान मोजायला एलएम३५ सेन्सर, दाखवायला १६ बाय २ चा एलसीडी, मेंदू म्हणून आर्डुइनो ऊनो, पंख्यासाठी रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच), आणि मोबाईलवर आकडा पाठवायला ईएसपी८२६६ या वाय-फाय चिपचा एखादा बोर्ड. आधी नाव ठरवा, त्यात 'स्मार्ट' हवंच. मग बंद झाकणाचा सुबक खोका बनवा. त्यात शोभेसाठी पंधरा निळ्या एलईडी बसवा. सर्किट किती करंट खाणार, हा प्रश्न या टप्प्यावर कोणी विचारलाच तर त्याला रिपोर्टच्या प्रिंट काढायला पाठवा.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. शेवटच्या रात्रीपर्यंत प्रत्येक चाचणी लॅपटॉपच्या यूएसबीवरच घ्या. तुमच्या सर्किटमध्ये जे जे काही कमी आहे ते लॅपटॉप बिनबोभाट पुरवत असतो, आणि सकाळी तो बाजूला काढला की ते सगळं एकदम उघडं पडतं.

ग्राउंडचंच बघा, म्हणजे व्होल्टेज जिथून मोजतात ती शून्याची वायर. ऊनो आणि ईएसपीचा बोर्ड एकाच लॅपटॉपला जोडलेले असतात, त्यामुळे दोघांचे ग्राउंड यूएसबी केबलमधून एकमेकांना भेटलेले असतात. तुम्ही दोन बोर्डांमध्ये फक्त डेटाची वायर टाकली तरी संदेश व्यवस्थित जातो. सकाळी एक बोर्ड अ‍ॅडॉप्टरवर आणि दुसरा पॉवर बँकेवर लावा. आता ग्राउंड वेगळे, व्होल्टेज मोजायला दोघांत सामाईक शून्य नाही, आणि मोबाईलवर कचरा अक्षरं. एका काळ्या वायरीने हे टळलं असतं, म्हणून ती वायर आठवणीने विसरा. शिवाय बऱ्याच पॉवर बँका, कोणी फारच कमी करंट ओढत असेल तर, काही काम नाही असं समजून स्वतःहून झोपी जातात. हा बोनस.

(ऊनोची टीएक्स, म्हणजे संदेश पाठवणारी पिन ५ व्होल्ट देते आणि ईएसपी ३.३ व्होल्टचा आहे. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचा व्होल्टेज विभागणारा डिव्हायडर टाकला की ३.३३ व्होल्ट मिळतात. पण दोन रेझिस्टर म्हणजे केवढा तो पसारा!)

तापमानाचा आकडा चुकवण्याची पद्धत तर फारच देखणी आहे. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ३० अंशांना ३००. ऊनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) मात्र हे व्होल्टेज स्वतःच्या सप्लायशी ताडून १०२४ पायऱ्यांत मोजतो. यूएसबीवर तो सप्लाय ४.७ व्होल्टपर्यंत खाली आलेला असू शकतो. कोडमध्ये तुम्ही बिनधास्त ५ लिहिलेले असतात. परिणामी ३० अंशांना जवळपास ३२ दिसतात. आतला १.१ व्होल्टचा संदर्भ वापरणं हा यावरचा भित्रा उपाय. तुम्ही शूरासारखे कोडमध्ये '२ वजा करा' असं लिहा. रात्री आकडा थर्मामीटरशी तंतोतंत जुळेल. सकाळी अ‍ॅडॉप्टरवर खरे ५ व्होल्ट मिळाले की तोच आकडा २८ होईल.

आणि आता अ‍ॅडॉप्टर. पंखा १२ व्होल्टचा, म्हणून अ‍ॅडॉप्टरही १२ चा. त्याचे स्थिर ५ व्होल्ट करायला ७८०५ रेग्युलेटर. ऊनोचे ५० मिलिअँपिअर, रिलेचे ७०, एलसीडी दिव्यासकट ३०, आणि पंधरा एलईडींचे प्रत्येकी १० धरून दीडशे. एकूण ३००. ७८०५ उरलेले ७ व्होल्ट स्वतःच्या अंगावर घेतो: ७ गुणिले ०.३ म्हणजे २.१ वॉट, निव्वळ उष्णता. हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा) नसलेल्या टीओ-२२० पॅकेजमधली चिप दर वॉटला साधारण ५० ते ६५ अंश तापते. खोलीचे ३० मिळवा, आकडा १३५ ते १६५ च्या घरात जातो. त्यात बंद खोका, म्हणजे आतली हवा ३० वरही थांबत नाही. सुदैवाने ७८०५ शहाणा आहे. जळून जाण्यापेक्षा तो आउटपुट बंद करतो, जरा गार झाला की देतो, पुन्हा बंद करतो. ऊनो दर वेळी नव्याने जन्म घेतो आणि एलसीडीच्या पहिल्या ओळीत नुसते काळे चौकोन दिसतात. याला कोडमधली चूक समजून लायब्ररी बदलत बसा. फारसं न तापता व्होल्टेज उतरवणारं बक कन्व्हर्टरचं मॉड्यूल लावलं असतं तर हा सगळा खेळ झालाच नसता, म्हणून ते 'भविष्यातील विस्तार' या प्रकरणात टाका.

एलएम३५ याच ७८०५ च्या शेजारी बसवा. ट्रॅक छोटा होतो.

रिलेची कॉइल (आतला स्विच ओढणारं वायरीचं वेटोळं) सरळ ऊनोच्या पिनवर जोडा. पिनसाठी २० मिलिअँपिअर योग्य आणि ४० ही कमाल मर्यादा, असं डेटाशीट म्हणतं. तुमची कॉइल ७० मागते. 'कमाल मर्यादा' म्हणजे ओलांडली तर चिपची जबाबदारी कंपनीची नाही, हा अर्थ लक्षात न घेता तिला ध्येय माना. कोणी मध्ये जास्त करंट पेलणारा ट्रान्झिस्टर सुचवलाच तर पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डवर) बीसी५४७ चा फुटप्रिंट, म्हणजे पायांच्या भोकांची जागा, काढा आणि बसवा पीएन२२२२, म्हणजे प्लास्टिकचा २एन२२२२. सपाट बाजू समोर धरली तर पहिल्याचे पाय कलेक्टर, बेस, एमिटर. दुसऱ्याचे एमिटर, बेस, कलेक्टर. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही, त्याचा गेन, म्हणजे करंट वाढवण्याची ताकद, तेवढा पडतो. रिले टिकटिक करायच्या बेतात असतो आणि करत नाही. कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड लावू नका. कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज ट्रान्झिस्टरला जाऊन भेटलं पाहिजे.

पीसीबीविषयी फार सांगायला नको, तिथे आपली परंपरा समृद्ध आहे. लेआउट कागदावर खऱ्या मापात छापून त्यावर आयसी ठेवून बघू नका. टोनर ट्रान्सफर करताना, म्हणजे छापलेली शाई तांब्यावर उतरवताना, प्रिंट मिरर करायची की नाही, यावर ग्रुपमध्ये मतदान घ्या. १०४ लिहिलेले छोटे कपॅसिटर प्रत्येक आयसीच्या पॉवर पिनला चिकटून हवेत. ते सगळे एका कोपऱ्यात ओळीने लावा, फोटो छान येतो. आणि कपॅसिटरवरची पट्टी म्हणजे ऋण टोक हा नियम सरसकट वापरा. इलेक्ट्रोलिटिकवर पट्टी ऋण असते, टँटलमवर धन. उलटा लागलेला टँटलम आपली नाराजी धुरातून कळवतो.

पहिल्यांदा पॉवर देताना लॅबच्या सप्लायवर २०० मिलिअँपिअरची मर्यादा लावायची सोय असते. लावू नका. मल्टिमीटरने आधी करंट मोजा, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकातच राहू द्या आणि त्याच अवस्थेत ५ व्होल्ट मोजायला जा. मीटर तिथे जवळपास सरळ वायर असतो, त्यामुळे सप्लाय शॉर्ट झाल्याचा अनुभव प्रत्यक्ष मिळतो.

एवढं केलंत की सकाळी निश्चिंत मनाने लॅपटॉप बॅगेत ठेवा, खोक्याचं झाकण लावा आणि अ‍ॅडॉप्टर जोडा. पहिली दोन मिनिटं २८ अंश दिसतील. मग शेजारचा ७८०५ तापत जाईल तसा आकडा खोलीला मागे टाकून ३५, ४० असा चढेल, आणि थोड्या वेळाने काळे चौकोन. सर चष्म्यावरून बघतील. आता म्हणा. शांतपणे, नजरेला नजर देऊन: काल रात्री चालत होतं. सर मान हलवून वहीत काहीतरी लिहितील आणि पुढच्या ग्रुपला बोलावतील. तुम्ही वायर तपासायला झाकण उघडाल, वारा लागून रेग्युलेटर गार होईल, एलसीडीवर अक्षरं उमटतील. एलएम३५ ४३ अंश सांगेल आणि रिले टकटकून पंखा सुरू होईल, पुढच्या ग्रुपचे कागद उडवत.