मुलाच्या दप्तरातून गेलेली चिठ्ठी

गेल्या आठवड्यात दादाने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तुमच्याकडेही आला असेल, मला तर तो तीन ग्रुपांवरून मिळाला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वी गुरुजी मारायचे म्हणून आमची पिढी घडली. आता कायद्याने शिक्षकांचे हात बांधले, कुणी नापासही होत नाही, म्हणून पोरं वाया गेली. अडाणी आईबापांना अभ्यासातलं काही कळत नाही आणि पालक सभा म्हणजे नुसत्या सह्या. तेव्हा पालकांनी शाळेत लुडबूड करू नये, उलट शिक्षकांना लिहून द्यावं, ‘आमच्या मुलाला मारा, आमची तक्रार नाही.’

दादा मेसेज पुढे पाठवून थांबला नाही. वहीचं पान फाडून त्याने खरंच तसं लिहिलं, खाली सही केली आणि चौथीतल्या माझ्या भाच्याच्या हाती बाईंकडे पाठवलं. स्वतःला मारायची परवानगी त्या पोराने स्वतःच्या दप्तरातून नेली. वहिनीने हे फोनवर सांगितलं, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आधी त्या चिठ्ठीबद्दल. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १७ मध्ये साफ लिहिलंय की मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. जो करेल त्याच्यावर सेवानियमांनुसार कारवाई होते. बापाने लिहून दिलं असेल तर चालेल, अशी सवलत त्या कलमात कुठेही नाही. म्हणजे त्या चिठ्ठीला कागदाची किंमत नाही आणि तिच्या भरवशावर एखाद्या शिक्षकाने हात उचलला, तर नोकरी त्याची अडचणीत येणार. मेसेज लिहिणाऱ्याला शिक्षकांचा एवढा कळवळा आहे ना? मग त्याने निदान कलम तरी वाचायचं होतं.

आता ‘आमची पिढी घडली’. दादा, आपण दोघं एकाच शाळेत शिकलो. पाढा चुकला की गुरुजी पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायचे. थंडीत ती बोटं दुपारपर्यंत ठणकायची, पेन्सिल धरवत नसे. माझ्या वर्गातला एक मुलगा शाळेची घंटा झाली की उसात जाऊन बसायचा आणि शाळा सुटली की आमच्यात मिसळून घरी जायचा. पाचवीत त्याने शाळा सोडली ती कायमचीच. ‘मार खाल्ला म्हणून घडलो’ असे मेसेज तो पाठवत नाही आणि त्याच्यासारखे किती जण उसात बसले ते कुणी मोजलेलं नाही. जे टिकले तेच आज बोलतायत आणि आपल्या टिकण्याचं श्रेय पट्टीला देतायत.

याच पोराची दुसरीतली गोष्ट दादा कशी विसरला, मला कळत नाही. गणितं सारखी चुकायची. दादाने घरी दोनदा फटकावलं, ‘धांदरट आहे’ म्हणून. पालक सभेत बाई म्हणाल्या, ‘वहीत लिहून दिलेलं गणित बरोबर सोडवतो. फळ्यावरून उतरवून घेताना मात्र ३ चा ८ करतो.’ वहिनी सातवी शिकलेली, दिवसभर शेतात. ती म्हणाली, ‘टीव्हीला नाक लावून बसतो, कितीदा मागं ओढलं.’ बाई एकदम गप्प झाल्या आणि त्यांनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं. मग तालुक्याच्या दवाखान्यात डोळे तपासले, चष्मा लागला. बाईंना फळा माहीत होता, वहिनीला टीव्ही माहीत होता. त्या दहा मिनिटं एकमेकींशी बोलल्या नसत्या, तर पोराने अजून दोन वर्षं मार खाल्ला असता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, तेही कितीशा पालकांना माहीत असतं?

‘अडाणी आईबापांना काय कळतं’ हे वाक्य मला चिठ्ठीइतकंच लागलं, कारण ते वहिनीने वाचलं आणि ‘आता सभेला तुम्हीच जात जा’ असं दादाला म्हणाली. बिहार आणि राजस्थानातल्या शेकडो वस्त्यांमध्ये याचीच रीतसर तपासणी झाली आहे, २०१७ साली ती छापून आली. काही ठिकाणी आयांसाठी साक्षरतेचे वर्ग घेतले, काही ठिकाणी मुलांसोबत घरी करायच्या कृती त्यांना दिल्या, काही ठिकाणी दोन्ही केलं. यातल्या बहुतेक आया कधी शाळेत गेलेल्याच नव्हत्या. तरी मुलांचं गणित सुधारलं. फरक लहान होता, पण होता, आणि आयाही शिकल्या. आपल्याकडे २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या अभियानात पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांचे गट होतात. हाती एक आयडिया कार्ड असतं. भाजी निवडताना शेंगा मोजायला लाव, धुतलेल्या कपड्यांतून लहान-मोठे वेगळे काढायला लाव, अशा धर्तीची ही कामं. याला कुठली पदवी लागते?

पालक सभांबद्दल मात्र मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. सह्यांपुरत्या सभा मीही पाहिल्यात. मुख्याध्यापक परिपत्रक वाचतात, चहा होतो, सगळे घरी. रात्री दहाला बाईंना फोन करून ‘माझ्या मुलाला मागे का बसवलं’ म्हणून भांडणारे पालकही असतात. शिक्षकांवर पोषण आहाराचे हिशेब, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती यांचा डोंगर आहे, तोही खोटा नाही. पण म्हणून पालकांनी घरी बसायचं? शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम २४ प्रमाणे पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कामच आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. आपल्या जिल्हा परिषद शाळेत अध्यक्ष पालक असतो, मुख्याध्यापक सचिव. आपल्या हक्काची खुर्ची रिकामी ठेवायची आणि वर शाळा बिघडली म्हणून मेसेज पाठवायचे, हे मला पटत नाही.

नापास न करण्याचा मुद्दा तर शिळा झालाय. २०१९ मध्ये कायदा बदलला, राज्याने २०२३ मध्ये नियम केले आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. तोवर परीक्षाच नव्हती असंही नाही, वर्षभर चालणारं आकारिक आणि सत्राच्या शेवटी होणारं संकलित मूल्यमापन चालूच होतं. त्याच्या नोंदी आपण प्रगतिपुस्तकात वाचत नव्हतो, आकडा शोधत होतो.

दादा, ती चिठ्ठी बाईंनी कपाटात ठेवली आहे, वहिनी सांगत होती. सोमवारी तू स्वतः जाऊन ती परत घे आणि पोराच्या समोर फाड. त्याला भागाकार जमत नाही असं तू म्हणतोस, तर नेमकं कुठे अडतो ते बाईंना विचार, हातचा घेताना की पाढ्यात. आणि वहिनीला सोबत ने. दुसरीत टीव्हीचं तिनेच सांगितलं होतं.