मालकाचं उत्तर: 'तीन सत्तर सांगून सहा अकरा घेतले' या एक स्टारच्या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार सर,

गाडीला मोठा टर्बो बसवायच्या कामाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तीन सत्तर (3,70,000) सांगितले आणि सहा अकरा (6,11,000) घेतले, चारशे हॉर्सपॉवर म्हणाले आणि डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) निघाले 318, गाडी अडीच महिने अडकवून ठेवली, आणि शेवटी 'तुर्भ्यातले हे लोक लुबाडतात, सावध राहा'. तुम्हाला जो मनस्ताप झाला त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. मधल्या काळात तुमचे फोन काही वेळा उचलले गेले नाहीत, त्याबद्दलही सॉरी.

उशिराचं एका वाक्यात सांगतो. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पार्ट, बाहेरून येतो, तो सहारला कार्गोत कस्टम्सच्या कागदांसाठी अडला, आणि तो आल्यावर क्लचचा विषय निघाला. त्यावर वाद घालत नाही. अडीच महिने म्हणजे अडीच महिने.

पण पैशाचं जे लिहिलंय ते जसंच्या तसं सोडता येत नाही. आमच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी हे रिव्ह्यू वाचून येतं. रविवारपासून दोन जणांनी बुकिंग पुढे ढकललंय, आणि त्यातल्या एकाने तुमच्या रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट पाठवून 'हे खरं का' असं विचारलंय. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

तुमची गाडी स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस 230. कंपनीतून 230 हॉर्सपॉवर आणि 350 न्यूटन मीटर टॉर्क (ओढायची ताकद). तुम्हाला आयएस 38 हा मोठा टर्बो हवा होता, कारण मित्राच्या गाडीला तोच आहे. आम्ही व्हॉट्सअॅपवर जे एस्टिमेट पाठवलं ते असं होतं: टर्बो 1,65,000, डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) 65,000, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) मॅप, म्हणजे नवीन सेटिंग, 95,000, आणि फिटिंग, गॅस्केट, ऑइल-कूलंट लाइन धरून 45,000. एकूण 3,70,000, टॅक्ससकट. त्याखाली वेगळ्या मेसेजमध्ये लिहिलं होतं, 'यात क्लच, फ्युएल पंप, इंटरकूलर धरलेला नाही. टॉर्क वाढला की क्लच बघावाच लागेल.' त्यावर तुमचा अंगठा आलेला आहे. चॅट माझ्या फोनमध्ये आहे. ते इथे चिकटवणार नाही, कारण तुमचा नंबर त्यात आहे आणि आम्हाला ते शोभत नाही.

आता वरचे 2,41,000 कुठे गेले ते सांगतो.

पहिलं, फ्युएल पंप 72,000. टर्बो बसला, मॅप टाकला, गाडी चालताना आकडे नोंदवायला (लॉग घ्यायला) बसलो. थर्ड गिअरमध्ये पाच हजार आरपीएमच्या वर गेलं की रेल प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या पेट्रोलचा दाब) 200 बारवरून 140 च्या आसपास खाली येत होतं. लॅपटॉपवरची ती रेष तुम्ही स्वतः माझ्या शेजारी स्टुलावर बसून बघितलीत. मोठा टर्बो जास्त हवा देतो, जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं, आणि पंप ते देऊ शकला नाही तर मिक्श्चर लीन होऊन (पेट्रोल कमी पडून) पिस्टन वितळू शकतो. सोसायटीच्या गच्चीवर मोठी टाकी चढवून खाली अर्ध्या एचपीचीच मोटर ठेवल्यासारखं आहे ते. त्यात आता पेट्रोल पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी, म्हणजे तेवढ्याच पॉवरसाठी आणखी जास्त पेट्रोल ढकलावं लागतं. त्या दिवशी आम्ही मॅप खाली आणून गाडी तशीच देऊ शकलो असतो. तुम्हीच म्हणालात, 'आता एवढं केलंय तर पंप टाका.' हे तुमचे शब्द आहेत, माझे नाहीत.

दुसरं, क्लच पॅक, गिअर ऑइल, फिल्टर आणि मजुरी धरून 1,06,000. यावरच तुमचा सगळ्यात जास्त राग आहे असं दिसतं, म्हणून जरा थांबून लिहितो. या गाडीतला सहा स्पीडचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) 350 न्यूटन मीटरच्या हिशोबाने बनवलेला आहे. म्हणजे कंपनीतून आली तेव्हाच गाडी त्या आकड्याला टेकलेली होती. आयएस 38 आणि मॅप झाल्यावर टॉर्क साडेचारशेच्या पुढे जातो. हे पहिल्याच दिवशी बोर्डावर खडूने लिहून दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, क्लच नंतर बघू, सध्या नको. ठीक आहे, गाडी तुमची. आम्ही टॉर्क मर्यादित ठेवलेला मॅप टाकला आणि सांगितलं, क्लचचा निर्णय होईपर्यंत लाँच कंट्रोल (उभ्या गाडीतून एकदम जोरात सुटायचा मोड) वापरू नका.

त्यानंतर चौथ्या दिवशी तुमची स्टोरी आली. पाम बीच रोड, रात्रीची वेळ, एकामागून एक लाँच, आणि वर आमच्या गॅरेजचं नाव टॅग. आमच्या पोरांनी कौतुकाने मला दाखवली. मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढच्या आठवड्यात 'गाडी रेस होते पण पळत नाही' म्हणून तुम्हीच फोन केलात. गिअरबॉक्स उघडला तेव्हा तुम्ही हजर होतात. ऑइल काळं, करपलेला वास, आणि प्लेटींवरचं फ्रिक्शन मटेरियल नखाने खरवडलं तर हातात येत होतं. एक प्लेट तुम्ही उचलून नाकाजवळ नेलीत आणि 'शिट' म्हणालात. मी तुम्हाला तेव्हा एका शब्दाने बोललो नाही. आजही बोललो नसतो. पण हे बिल 'छुपा खर्च' म्हणून लिहिलंत, ते लागलं.

उरलेलं पटकन सांगतो. गिअरबॉक्सचा मॅप 40,000, कारण नवीन क्लचला जुना प्रेशरचा हिशोब चालत नाही. कॉइल आणि एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) स्पार्क प्लग 23,000, कारण बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढला की जुन्या प्लगवर मिसफायर येतो. बेरीज करून बघा, सहा अकराच होतात. जीएसटीचं पक्कं बिल तुमच्याकडे आहे, त्यात पार्ट नंबर आहेत, जुने पार्ट डिकीत घालून दिलेत.

आता 318. सर, डायनोवर जो आकडा येतो तो चाकांवरचा असतो. इंजिनपासून चाकापर्यंत येताना गिअरबॉक्स आणि शाफ्टमध्ये काही पॉवर जाते. पंधरा टक्के धरले तर 318 म्हणजे इंजिनवर पावणेचारशेच्या जवळपास होतात. 'चारशे' हा आकडा आम्ही सांगितला होता, पण तो इंजिनवरचा, 100 ऑक्टेनच्या पेट्रोलवर आणि इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा पार्ट) बदलून. तुम्ही गाडी आणलीत 95 ऑक्टेनवर, कारण 100 ऑक्टेन एका लिटरला दीडशे रुपयांच्या पुढे पडतं आणि घोडबंदरहून जाता-येता सहज मिळत नाही. ते मला पटतं. मी पण नसतं टाकलं रोज. पण मग मॅपही 95 चाच लावावा लागतो. इंटरकूलरला (78,000) तुम्ही नाही म्हणालात. रन घेतला मे महिन्यात, दुपारी, सलग तिसरा. आत जाणारी हवा तापली की ईसीयू इग्निशन मागे घेतो, इंजिन वाचवायला. त्या हवेत, त्या पेट्रोलवर आणि कंपनीच्या इंटरकूलरवर 318 हा चांगला आकडा आहे. कमी आहे असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं त्यांनी एकदा गाडी आणून डायनोवर उभी करावी, रन माझ्याकडून फुकट. हे चिडून लिहीत नाहीये. बरं, थोडं चिडून लिहितोय.

'बाहेर टर्बो साठ हजारात मिळतो' असंही लिहिलंय. मिळतो. कॉपी मिळते. तशी एक आमच्या रॅकवर पडलीये, दुसऱ्या एकाने लावून आणलेली. शाफ्ट बोटाने हलवला तर व्हील हाउसिंगला घासतं. हवी तर बघून जा.

टायर आणि ब्रेक. हे बिलात नाहीच, कारण तुम्ही दोन्ही नको म्हणालात. पण सांगितलं होतं, आणि पुन्हा सांगतो: पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, दीडपटीहून जास्त पॉवर, आणि टायर तेच गुळगुळीत झालेले. त्याच आठवड्यात तुम्ही पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) मारून आणलंत. त्यावर आमचा काही आक्षेप नाही, गाडी दिसते झकास. फक्त त्या पैशात चार चांगले टायर आणि ब्रेक पॅड आले असते एवढंच म्हणणं.

आणि एक गोष्ट, जी आमच्या धंद्यात सहसा कोणी स्वतःहून बोलत नाही. कामाआधी मी तुम्हाला बसवून सांगितलं होतं की आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी बदलली तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि इन्शुरन्सवाल्यांना न कळवता उद्या क्लेम टाकला तर तो अडकू शकतो. तुम्ही म्हणालात गाडी ट्रॅकसाठी आहे. लुबाडायचंच असतं तर हे सांगून गिऱ्हाईक कशाला घाबरवलं असतं?

जे बाकीचे लोक हे वाचतायत त्यांच्यासाठी: अशा गाडीचं बजेट करताना टर्बोच्या कोटेशनवर जाऊ नका. आमच्याकडचं असो, ठाण्यातल्या कुणाकडचं असो. टर्बो आणि मॅपला जेवढे लागतील, जवळपास तेवढेच पंप, क्लच, इंटरकूलर, टायर, ब्रेकला बाजूला ठेवा, आणि वर थोडे हातात राहू द्या, कारण जुन्या गाडीत काहीतरी निघतंच. तेवढे नसतील तर साधा स्टेज वन (पार्ट न बदलता फक्त मॅप) करा, गाडी खूश, तुम्ही खूश, आणि आम्हालाही शिव्या नाहीत. हे सांगून माझं नुकसान आहे हे मला कळतं.

आमच्याकडून यापुढे एस्टिमेटमध्ये 'लागू शकणारे' खर्च त्याच कागदावर वेगळ्या रकान्यात येतील, आणि त्यावर सही घेऊ. फोनसाठीही काहीतरी व्यवस्था करतोय, एक मुलगा बघतोय.

दादा, तुम्ही गाडी सोडायला यायचात तेव्हा चहा आपण एकाच टपरीवर प्यायचो. राग आला होता तर समोर येऊन दोन शिव्या घालायच्या होत्यात, मी ऐकून घेतल्या असत्या. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, आम्ही त्यासाठी हात पसरणार नाही. फक्त सहा अकरा लिहिताना त्यात काय काय आलं तेही लिहा.

नवीन क्लचवर हजारेक किलोमीटर झाले असतील तर एकदा गाडी दाखवून जा, अॅडॅप्टेशन (गिअरबॉक्सने नवीन क्लचशी जुळवून घेतलंय का ते) बघायचंय, त्याचे पैसे नाहीत. इंटरकूलर घालायचा असेल तर मजुरी लावणार नाही. सोमवार ते शनिवार, सकाळी दहानंतर कधीही. येण्याआधी एक मेसेज टाका, म्हणजे लिफ्ट रिकामी ठेवतो.